मागावर ठेवलेला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली, तोवर नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी पवनीतलं जिल्हा परिषदेचं एक लहान वाचनालय सांभाळत होतो. वाटण्या चालल्या होत्या. कपाटं, टेबलं, पुस्तकंसुद्धा. आमच्याकडे मुलांची रशियन पुस्तकं होती, मराठीत छापलेली. जाड गुळगुळीत पानं, बर्फात अडकलेली जहाजं, बोलणारे प्राणी. तो देशच मोडला होता. ती पुन्हा कुठून येणार? त्यातलं एक, अस्वलाच्या पाठीवर बसून ध्रुवाकडे निघालेल्या बहीणभावाचं, गोंदियाला जाणार होतं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. गावच्या पोरांसाठी? नाही—मला हवं होतं. पन्नाशीच्या माणसाला.

ते तेव्हा वैशालीनं नेलं होतं. नत्थूजी कोष्ट्यांची मुलगी. वडील हातमागावर विणायला बसले की ती शेजारी बसून मोठ्यानं वाचायची, धोट्याच्या खटखटीवर आवाज चढवून. आळीतली पोरं दारात जमायची.

बाजाराच्या दिवशी तिनं ते रस्त्यातच माझ्या हातात दिलं. "बाबूजी, अस्वल मेलं तं आमच्या बाबाच्या हातून धागाच तुटला!" हसत पळाली. मी पुस्तक भाजीच्या पिशवीत टाकलं. घरी नेलं.

वाटणीच्या समितीला सांगितलं, हरवलं. कुणाकडून, त्यांनी विचारलं. इथे थांबता आलं असतं—नाही का? मी तिचं नाव घेतलं.

समितीची विचारणा नत्थूजींच्या दारात गेली. त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्यात मागावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याची शपथ. पोरीनं हात ठेवला.

"मी बाबूजीच्या हातात देलं."

नत्थूजी माझ्याकडे वळले. "तुमी सांगा बाबूजी. पोरगी खोटं बोलून राहिली काय?"

मी—मी मान हलवली. हो म्हणून.

ते ओरडले नाहीत. तिचा हात मागावरून उचलून बाजूला केला फक्त. "आता याले हात लावू नोको." मग धोटा पुन्हा सुरू झाला. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

त्या घरातून वाचण्याचा आवाज नंतर कधी आला नाही. मी त्या आळीतून जायचो—कशाला, कुणास ठाऊक. नत्थूजी वारले, लेकीला खोटी समजूनच. ती एकोडीला दिली आहे. पुस्तक माझ्या पेटीत आहे.

वैशाली खरं बोलली होती. तिनं पुस्तक परत दिलं होतं. माझ्या हातात, भर बाजारात.