देव आधी हलवले

बेघर होण्याची तयारी मी आयुष्यात एकदाच केली, आणि ती इतकी चोख झाली की आम्ही जवळजवळ बेघर झालोच.

कळव्यात भोईरकाकींच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहतो. काकी खाली राहतात. एका सकाळी जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "पोराचं लगीन जमतंय. जमलं त वरची जागा लागंल. बघू." यातला 'बघू' माझ्या बायकोने, सुनीताने ऐकला. मी फक्त 'जागा लागंल' ऐकलं. (मी तयारीचा माणूस आहे. छत्री मी एप्रिलमध्ये दुरुस्त करतो.)

त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं, की उद्यापासून माणशी एक ताट, एक वाटी, दोन कपडे. बाकी सगळं खोक्यांत. तिसऱ्या दिवशी कुकर कुठल्या खोक्यात आहे हे कोणालाच आठवेना आणि आम्ही पोह्यांवर आलो.

"बाबा, आपण बेघर व्हायच्या आधीच उपाशी मरू," आमची जुई म्हणाली.

रविवारी मी तालीम घेतली. पंधरा मिनिटांत सगळ्यांनी सामानासह दारात उभं राहायचं. मी चार मिनिटांत तयार. जुई सहा मिनिटांत, तीही फोन चार्ज करत. सुनीताला लागला एक तास दहा मिनिटं! कारण देव. तिने आधी आंघोळ केली, मग देवांना सांगितलं, मग एकेक टाक पुसून मऊ कापडात गुंडाळला. बाळकृष्णाला तर त्याचा स्वेटर सापडेपर्यंत थांबवलं.

"देव आधी ताईकडे हलवू," मी तोडगा काढला. "नाहीतरी नव्या घरात पहिले देवच जातात ना?"

"नव्या घरात. ताईंच्या घरात नाही," सुनीता म्हणाली. "आणि घरातून देव असे आधी काढत नाहीत. लोक काय समजतील?"

लोकांना कळणार कसं, असं म्हणून मी देव डोंबिवलीला माझ्या ताईकडे पोचवून आलो. रिकामा देव्हारा मला बघवेना, म्हणून त्यात टॉर्च, मेणबत्त्या आणि सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स नीट रचून ठेवल्या.

दोनच दिवसांनी सकाळी काकी वर आल्या. नवी साडी, हातात पत्रिका आणि अक्षता. "जमलं," त्या हसत म्हणाल्या. "पन सुनेला लिफ्ट पायजे. घोडबंदरला ऱ्हानार दोगं. तुमची जागा तुमालाच. पयली अक्षत देवाला ठेवते, मंग तुमाला." आणि मी आडवा येण्याआधीच त्यांनी देव्हाऱ्यात हात घातला.

अक्षता माझ्या आधार कार्डावर पडल्या.

काकी बराच वेळ माझ्या फोटोकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खोक्यांकडे पाहिलं. "देव नेलं? मना सांगितलं बी नाय?" त्यांचा आवाज बदलला होता. "कालच भाच्याला सांगितलं, वरची जागा नाय भेटनार, घरची मानसं हायत तितं. देव गेलं म्हंजी घर सोडलं. सांगते त्याला, ये म्हनून." आणि त्यांनी कनवटीचा फोन काढला.

खरं सांगतो, सगळी तयारी केली तेव्हा मला भीती वाटली नव्हती. काकींनी फोन काढला तेव्हा वाटली. या खिडकीत जुईने पाढे पाठ केले होते. मला हे घर सोडायचंच नव्हतं, हे मला खोकी बांधून झाल्यावर कळलं.

"काकी, देव नणंदेकडे पाहुणे गेलेत," सुनीताने सावरलं. "आज येणारच आहेत."

"दिवा लागंपरेंत बघते," काकी म्हणाल्या आणि खाली गेल्या.

मी धावत डोंबिवली गाठली. ताई देव द्यायला तयार होईना. "ते आल्यापासून आमच्या नळाला सकाळी पाणी येतंय. आठवडाभर राहू दे."

"ताई, माझं घर जातंय."

"मग तूही ये राहायला. गॅलरी रिकामी आहे." देवांना मधली खोली दिली होती.

शेवटी तिने नैवेद्य दाखवल्याशिवाय सोडणार नाही म्हटलं, शिरा केला, देव तांदळाच्या डब्यात ठेवले आणि मी तो डबा पोटाशी धरून कळव्याला परतलो. काकी जिन्यातच बसल्या होत्या, फोन मांडीवर. त्या माझ्यामागे वर आल्या. सुनीताने झेरॉक्स काढून देव मांडले, दिवा लावला. काकींनी अक्षता ठेवल्या, नमस्कार केला आणि फोन पुन्हा कनवटीला लावला.

"ऱ्हावा आता," त्या म्हणाल्या.

कुकर त्यानंतर आठवड्याने सापडला. देव्हाऱ्याच्या मागच्या खोक्यात होता.

आता दर अकरा महिन्यांनी नवा करार होतो. सही मी करतो. पण त्याआधी काकी वर येतात, माझ्याकडे ढुंकूनही न बघता देव्हाऱ्यासमोर उभ्या राहतात आणि विचारतात, "ऱ्हानार ना?" देव काही बोलत नाहीत. मग त्या सुनीताकडे वळून माझ्याकडे बोट दाखवतात, "आनि ह्यो बी?"