कपाटदादांचा जळफळाट

पेन्शनच्या सरकारी कचेरीत सगळे त्यांना कपाटदादा म्हणत. सत्तावीस वर्षं फायलींच्या खोलीत काढलेली. नंबर कशाशी खातात ते ठाऊक नाही, "त्या खोकणाऱ्या मास्तरांची ना? खिडकीशेजारी, खालून तिसरी," म्हणायचे आणि हात घालून काढायचे. लोक ताटकळायचे खरे, पण 'दादा, दादा' करत ताटकळायचे. त्यातच दादांचं पोट भरायचं.

मग बदली होऊन एक नवी कारकून आली. कालची पोर! महिन्याभरात फायली नंबरानं लावल्या आणि वर नियम काढला: जो फाइल उचलेल त्यानं तिच्या जागी नाव, वेळ लिहून चिठ्ठी ठेवायची. दादांनी नाक मुरडलं, पण पाळला. नियम तो नियम. आता रांग चहा निवायच्या आत संपे, आणि दादांना कुणी हिंग लावून विचारीना.

घरी बायको वैतागली. "जेवायला बसलात की तिचंच पुराण! सवत माझी आहे का तुमची?"

तशात मुख्य कारकुनाची जागा रिकामी झाली. सोमवारी साहेब नाव सांगणार होते. ज्या खुर्चीची सत्तावीस वर्षं वाट पाहिली, तीत ही बसणार? दादांच्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमवारी एका विधवा म्हातारीचं काम निघणार होतं. शनिवारीच दादांनी तिची फाइल गुपचूप उचलून आपल्या खणात कोंबली. शोध म्हणावं आता, साहेबांच्या देखत!

सोमवारी म्हातारी आली. साहेब तिथंच उभे. पोरगी आत गेली ती लगेच बाहेर, हातात चिठ्ठी. दादांचंच गोलगोल अक्षर: नाव, चार वाजून दहा मिनिटं, खाली सहीसुद्धा. दादांनी चोरीही नियमाला धरून केली होती!

दादांच्या पायाखालची जमीन सरकली. पण तिनं चिठ्ठी मुठीत घेतली. "दादा, ती फाइल तपासायला घेतली होती ना तुम्ही? झाली का?"

दादांनी खणातून काढून दिली. दहा मिनिटांत काम आटोपलं. म्हातारी पोरीच्या गालावरून हात फिरवून गेली.

साहेब वळले. "तुम्ही सगळ्यांत जुने. बोला दादा, खुर्चीत कुणाला बसवू?"

"तिलाच," दादा म्हणाले, तेही दात खाऊन. चारचौघांत तिनं वाभाडे काढले असते तर परवडलं असतं. कार्टी चांगुलपणातही पुढंच निघाली होती.