कांदळाच्या मुळांवरचं लाल शेवाळ

नलिनीबाईंची आणि माझी पहिली भेट चिंचणीच्या खडकांवर झाली. मी खरं तर वाळत घातलेले बोंबील बघत निघाले होते (तिथले बोंबील हा वेगळाच विषय आहे). एका डबक्यावर वाकलेल्या बाई वर न बघताच म्हणाल्या, "बाजूला हो गं. शेवाळाचं ऊन अडवतेयस."

बाईंच्या संशोधनावर या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. बारावीनंतर मी कुठेच टिकले नाही. बाईंच्या मागे मात्र चिंचणीपासून झाईपर्यंतच्या खाड्या तुडवल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई चिखलात माझ्यापेक्षा भरभर चालत. शेवाळ त्या कधीच उपटत नसत. कात्रीने वरचा तुरा तेवढा घ्यायचा, बूड खडकाला राहू द्यायचं. घरी परातीतल्या खाऱ्या पाण्यात तो तरंगवायचा, खालून कागद सरकवायचा आणि नमुना वाळवायला हलकेच उचलायचा. माझ्याकडून त्याचा हमखास गोळा व्हायचा. "केस विंचरल्यासारखं पसरव," असं बाई सांगत आणि मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणत, "राहू दे. तुला नाही कळायचं."

एकदा मुंबईतलं काम सोडून मी डहाणू रोडला उतरले, जायला घर नव्हतं. थेट बाईंकडे गेले. बाईंनी खाडीकाठची मोरस, ती खारट पालेभाजी, उकडून परतली. "मीठ नको घालूस, ती आपलं आपण घेऊन आलीय," म्हणाल्या. जेवण झाल्यावर त्यांनी घराची किल्ली हातावर ठेवली. ती अजून माझ्याकडेच आहे.

हल्ली गुडघ्यांमुळे बाईंना चिखल बंद झालाय. मी कुठूनही भटकून आले की त्या आधी विचारतात, "झाईच्या कांदळांवरचं लाल आहे का गं?" कांदळाच्या मुळांना बिलगून वाढणारं ते बोटभरसुद्धा नसलेलं शेवाळ.

"बाटलीत आणते," मी म्हटलं.

"बाटलीतलं काय करू? मला ते भरतीत हलताना बघायचंय."

म्हणून या हिवाळ्यात झाईच्या रमणकाकांची होडी काढली. मुळांपर्यंत होडी जावी म्हणून भर भरतीला गेलो आणि तिथेच चुकलो. पाणी चढलेलं, गढूळ, मुळं बुडालेली. दिसायला काहीच नाही.

रमणकाका ओशाळले. "पाणी उतरलं का होडी रुतते, बाई. काय करणार?"

बाईंनी बाही सरकवून हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि एका मुळावरून सावकाश बोटं फिरवत राहिल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "हलतंय."

बराच वेळ त्यांनी हात बाहेर काढला नाही.

बाईंची पंच्याहत्तरी झाली. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे आपण सगळेच म्हणू. माझं मागणं जरा जास्त आहे. खाडीचं पाणी एकदा निवळावं, होडी तरंगेल आणि मुळंही दिसतील इतकीच भरती असावी, आणि त्या वेळी बाई होडीत असाव्यात. पुढेही, कितीदा तरी.