भूपालचा पहिला वर्ग

भूपाल गेल्याची बातमी घेऊन त्याचा दिवाणजी विश्रामबागेतल्या आमच्या दारात आला, तेव्हा माझी निम्मी दाढी व्हायची होती. महिना होत आला आता... भूपाल हळदीचा व्यापारी, माझा शाळेपासूनचा मित्र, आणि वरचेवर विमानानं परदेशी जाणारा माझ्या ओळखीतला एकमेव माणूस. माणूस सोन्यासारखा, पण बढाईखोर! हे मी ठामपणे लिहितो, कारण तो असता तर त्यानंही कबूल केलं असतं, जरा वाढवूनच.

त्याची लाडकी बढाई एकच. तिकीट साध्या वर्गाचं काढायचं, पण नेहमीचा प्रवासी म्हणून विमानवाले त्याला फुकटात पुढच्या, पहिल्या वर्गात बसवतात. "किती वेळा?" मी मुद्दाम विचारी. "दर खेपेला रं! तोंड बघितलं की पडदाच बाजूला करत्यात." पेढीवरची मंडळी माना डोलवायची.

आमच्या आईनं मात्र ते खरं धरलं. इस्लामपूरच्या घरी पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ते सांधलं, पण तासभर बसलं की कळ यायची. लंडनला थोरल्या भावाला पहिली मुलगी झाली, आणि आईला नात बघायची होती. डॉक्टर म्हणाले, आडवं पडून जाता आलं तरच जा. "भूपाल तिकडंच निघालाय की," आई म्हणाली. "त्येला फुडं बसवत्यात, मला बी बसवतील." भूपाल समोरच होता. नाही म्हणायची हीच वेळ होती. पण तो म्हणाला, "व्हय मावशी, तुमी काळजीच सोडा."

परत आल्यावर त्यानं मला एकट्याला खरं सांगितलं. इतक्या वर्षांत त्याला फक्त दोनदा पुढं बसवलं होतं, तेही मागं जागा उरली नव्हती म्हणून. या खेपेला विमानवाल्यांनी सरळ हात जोडले. मग यानं वाटेत साताऱ्यात घेतलेले कंदी पेढे उघडले, शेजारच्या साहेबाला चारले, आणि गोड बोलून त्याला दुसरीकडे हलवलं. तीन खुर्च्या मोकळ्या करून आईला आडवं केलं. "आन् तू?" मी विचारलं. "मी मागं झकास झोपलो की! मावशींस्नी सांगू नको गड्या, त्यास्नी वाटतंय ह्योच पयला वर्ग." मी पोट धरून हसलो.

आईनं गावभर पहिल्या वर्गातनं गेल्याचंच सांगितलं. परवा मात्र मला राहवलं नाही. तिच्याजवळ बसून सगळं खरं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला. पडद्याआड ताटं जात हुती, मी काय आंधळी हाय व्हय?"

"मग गावाला का तसं सांगितलंस?"

"माझ्यापायी त्येला खोटा पाडू व्हय रं? इमान गच्च भरल्यालं. शेवटची जागा त्या सायबाला गेली. इमान उडताना-उतरताना तेवढा माझ्या बाजूला टेकला, बाकी सारी वाट उभा हुता. उतरताना त्येचं पाय बुटात जाईनात, एवढं सुजलं हुतं. म्या बघितलं... बोलले न्हाई."

आम्ही दोघंही रडलो. पेढीवर बसून आयुष्यभर बढाया मारणाऱ्या या माणसानं एवढं मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.