आत्या भूकंपात गेली नव्हती

"कॅन्सर आहे," बायोप्सीचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवत डॉक्टर म्हणाले. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. मी बेचाळीस वर्षांची. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे रिपोर्ट मला नीट वाचता येत होता.

"घरात आधी कुणाला?"

"कुणालाच नाही," मी ठणकावून सांगितलं.

वय कमी म्हणून त्यांनी मला नांदेडला जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवलं. घराण्याची माहिती घेऊन आणि रक्त तपासून, आजार पिढ्यांमधून उतरतोय का हे सांगणारी ही तज्ज्ञ. महिन्यातून एकदाच यायची. दोन केमो झाल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधून मी तिच्या दारात तीन तास बसले.

तिने पेडिग्री काढायला घेतली. पेडिग्री म्हणजे वंशावळ. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन, आजार असेल तर आकृती आतून भरायची. हमखास मार्कांचा प्रश्न म्हणून मी दरवर्षी पोरांकडून ती घोटून घेते. स्वतःच्या घराची कधी काढली नव्हती.

"आत्या?"

"भूकंपात गेली."

तिने वर्तुळावर गेल्याची खूण म्हणून तिरकी रेघ मारली आणि ते आतून रिकामं सोडलं.

काही आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. बीआरसीए-वन जीनमध्ये दोष. हा जीन पेशीतली मोडतोड दुरुस्त करायला मदत करतो. तो बिघडला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. आईचं रक्त तपासलं, तिच्यात दोष नव्हता. म्हणजे वडिलांकडून आलेला, आणि वडील तर कधीच गेलेले. काउन्सेलर म्हणाली, "लोक फक्त आईकडचं सांगतात. हा बापाकडूनही येतो."

त्याच आठवड्यात काका भेटायला आले, शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावाहून, पिशवीभर वांगी घेऊन. मी सरळ विचारलं, आत्या कशी गेली?

"आता काय करायचंय ते?"

मी सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "गाठ होती छातीला. भूकंपानंतर महिनाभर पत्र्याच्या शेडात होती, तिथंच गेली."

मग घरच्यांनी सांगायचं ठरवलं, भूकंपात गेली. त्र्याण्णवच्या त्या वर्षी आमच्या भागात असं सांगितलं की समोरचा पुढे विचारत नसे. घरात लग्नाच्या पोरी होत्या ना. मी तेव्हा सहावीत. तीस वर्षं मी तेच खरं धरून चालले. माझी गाठ चार महिने अंगावर काढली, आमच्यात कुणाला नाही या भरवशावर. त्या चार महिन्यांत ती काखेपर्यंत गेली. याचा राग मला आजही आवरत नाही, आणि आवरायचाही नाही.

काकांची शीतल सत्तावीसची. देगलूरचं स्थळ ठरलेलं. काकांचं रक्त तपासून हा दोष नाही निघाला, तर शीतलला या दोषाची भीती नव्हती. निघाला, तर तिला वेळेत तपासण्या करता आल्या असत्या. मी हे दोनदा समजावलं.

"बाप्याला कुठं असतंय हे? लगीन होऊ दे पोरीचं, मग बघू."

म्हणजे पुन्हा तेच. पोरीचं काहीही होवो, स्थळ मोडता कामा नये. त्यांच्यासमोरच मी शीतलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. काका चहा तसाच ठेवून निघून गेले.

दोन महिने त्यांनी माझं नाव टाकलं होतं. मग शीतलचा फोन आला. "ताई, बाबांना घेऊन यायलेय नांदेडला. न्हाई आले तर मी मांडवात उभी राहणार न्हाई म्हणलं." माझ्या आजारात देवापेक्षा मी या पोरीचे आभार जास्त मानते.

हे वाचणाऱ्या बायांनो, आज घरी विचारा. बापाकडचंही विचारा. "आजारानं गेली" एवढ्यावर उठू नका.

नांदेडला काउन्सेलरने माझी जुनी पेडिग्री समोर घेतली. "काका, बहीण कशाने गेली?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शीतल शेजारीच बसली होती.

"गाठीनं," ते म्हणाले. "भूकंपातनं तर आम्ही तिला जित्ती काढली होती."

काउन्सेलरने पेनाने आत्याचं वर्तुळ भरलं. काकांनी सदऱ्याची बाही वर केली.