केरबाचे सव्वीस मैल

केरबाला पळायला मी लावलं, असं नायगावात अजून म्हणतात. ते खरं नाही. मी फक्त एका शब्दाचा अर्थ सांगितला होता.

मी तेव्हा नायगावच्या पोस्टात सब-पोस्टमास्तर होतो. मूळचा लातूरचा. नायगाव त्या वेळी तालुका झालं नव्हतं आणि लातूरला जिल्हा होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. म्हणून नांदेडकडची माणसं मला ‘नव्या जिल्ह्याचे पाव्हणे’ म्हणून चिडवायची आणि मी दर वेळी न चुकता चिडायचो. वाड्यावस्त्यांवर टपालाची थैली पोचवायला केरबाची नेमणूक झाली ती माझ्याच हाताखाली. तिशीतला, काटक, चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दोन कोसांवरच्या वाडीत राहायचा, पाच एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी. नेमणुकीचा हुकूम घेऊन तो माझ्या टेबलापुढं उभा राहिला.

“मास्तर, ह्ये ‘रनर’ म्हंजी काय?”

“पळणारा,” मी शिक्के मारता मारता म्हणालो.

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून हा माणूस थैली खांद्याला लावून पळायला लागला. त्याच्या आधीचा रनर लिंबाखाली बसत, विड्या ओढत, संध्याकाळपर्यंत कसाबसा परत यायचा. केरबा अकरा वाजता दारात हजर. मी म्हणालो, “अरे बाबा, रनर हे नुसतं नाव आहे. चालत गेलास तरी चालतं.” त्यानं माझ्याकडं संशयानं बघितलं.

“हुकुमात लिव्हलंय न्हवं? चालायचं आसतं तर सरकारनं तसं लिव्हलं नसतं का?”

मी पुन्हा शिक्के मारायला लागलो. वाटेवरच्या एका वस्तीतली उमाबाई नावाची म्हातारी त्याच्यासाठी ताकाचा गिलास घेऊन बांधावर उभी राहायची. तो थांबायचा नाही. पळता पळता गिलास उचलायचा आणि रिकामा गिलास परतीच्या वाटेवर द्यायचा. म्हातारी सगळ्यांना सांगायची, ह्यो सरकारी माणूस हाय, ह्याला थांबायची परवानगी न्हाई.

शहाऐंशीच्या जानेवारीत मी पेपरात वाचलं की जूनच्या शेवटच्या रविवारी हैदराबादला मोठी मॅरेथॉन आहे. मॅरेथॉन म्हणजे सव्वीस मैल, असंही त्यात लिहिलं होतं. मी ते केरबाला वाचून दाखवलं. त्याचा पहिल्यांदा विश्वासच बसेना की नुसतं पळायला माणसं हैदराबादपर्यंत जातात आणि त्यांच्या हातात थैलीसुद्धा नसते. पण मग त्याचे डोळे चमकले. मी फॉर्म मागवला, स्वतः भरला आणि स्वतःलाच त्याचा कोच नेमून टाकलं.

रोज पहाटे थैलीच्या आधी आमचा सराव. तो पुढं, मी मागं सायकलवर. नांदेड रस्त्यानं तेरा मैल जायचं, तेरा मैल यायचं. मैल म्हणजे रस्त्याकडेचा दगड, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक दगड आला की मी ओरडायचो, “एक मैल!” महिन्याभरात केरबा सव्वीस मैल असे पळायला लागला की परत आल्यावर त्याला गप्पा मारायलाही दम उरायचा. मी मनातून हरखलो. सव्वीस मैल एवढ्या वेळात म्हणजे हा गडी जगातल्या भल्याभल्यांना मागं टाकणार, असा माझा हिशोब होता. मी पोस्टमास्तर होतो, तरी असा हिशोब केला, हे लिहिताना आज लाज वाटते.

त्याआधीचे सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरी तळाला गेल्या आणि उमाबाईचं ताक केव्हाच बंद झालं. केरबाच्या वाडीनं आपले बावीस बैल एका चिंचेखाली आणून बांधले आणि उरलासुरला कडबा एकत्र केला. तो एप्रिलअखेरपर्यंतच पुरणार होता. मृग लागायला जूनचा पहिला आठवडा उजाडतो. बैल तोवर उभे राहिले नाहीत, तर पाऊस पडूनही पेरायचं कशानं? वाडीत त्या दिवसांत दुसरं काही बोललं जात नव्हतं. केरबा पळतानाही तेच बोलायचा.

अशात लातूरच्या एका तरुण मंडळाचं पत्रक आलं. दुष्काळासाठी दौड. पळणाऱ्यानं आपला दाता आपण गाठायचा, दात्यानं दर मैलामागं काहीतरी द्यायचं, आणि ते पळणाऱ्याच्या गावाला मिळायचं. मला लगेच गुरुपादप्पा आठवले. माझ्या मावशीचे दीर. लातूरला त्यांची डाळमिल होती, बाजारात अडत होती आणि शेतात कडब्याच्या चार गंजी उभ्या होत्या. माणूस धर्मशील, पण बोलण्यात असा काटेकोर की घरातली माणसं त्यांना वेळ विचारायलाही घाबरायची.

मी केरबाला घेऊन गेलो.

“शरणार्थ, आप्पा.”

“शरणार्थ. वीरण्णा, हा किती मैल पळतो?”

“सव्वीस,” मी छाती पुढं काढून म्हणालो.

आप्पांनी केरबाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मैलाला शंभर पेंढ्या. पण सव्वीस म्हंजी सव्वीस. पंचविसाला बसला तर एक काडी मिळायची न्हाई. अर्धवट कामाला मी काय देत नसतो.”

“बसत न्हाई, आप्पा,” केरबा म्हणाला.

सव्वीसशे पेंढ्या म्हणजे बावीस बैलांचा महिनाभराचा घास. मे निघाला असता. पुढचं पुढं बघू म्हणत आम्ही बाहेर पडलो.

एप्रिलचा तिसरा रविवार. लातूरहून नांदेडच्या रस्त्यानं पहाटे दहा-बारा जण सुटले. कुणी पाच मैलांवर बसलं, कुणी दहावर. केरबा एकटा पळत राहिला. मी सायकलवर, आप्पा मागून जीपमध्ये. ‘लातूर २६’ लिहिलेल्या दगडापाशी मी आदल्या दिवशीच मांडव घालून ठेवला होता. वाजंत्री बोलावले होते, झेंडूचा हार होता. केरबा आला तेव्हा आठ वाजले होते. वाजंत्री वाजली, हार पडला. तो दगडावर बसला आणि हसला. मला भरून आलं. मी भाषणाची चिठ्ठी खिशातून काढली.

तेवढ्यात आप्पा जीपमधून उतरले.

“शाबास,” ते म्हणाले. “पण हार आत्ताच कशाला? सोळा झाले. दहा राहिलेत.”

मला वाटलं, ऊन लागलं म्हाताऱ्याला. “आप्पा, सव्वीस झाले. हा बघा दगड.”

“दगड दिसून राहिला मला. हा किलोमीटरचा हाय. मैल म्हंजी आठ फर्लांग. निजामाच्या टायमाला ह्याच सडकेवर मी ठेकेदाराचा मुनशी होतो. साखळी धरून मोजलेली हाय मी ही सडक. सरकारनं मागनं हे दगड बदलले. ह्याला मैल म्हननारं येडं कोन?”

येडं मीच होतो. आणि माझ्याबरोबर सगळा मुलूख. मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, तरी आमच्या तोंडातला मैल काही हलला नव्हता. पण चूक कळली म्हणून ती लगेच कबूल करायला मी काय संत होतो? मी चिडलो. वाजंत्र्यांसमोर आप्पांशी भांडलो. म्हणालो, सगळी दुनिया ह्यालाच मैल म्हणते.

“दुनिया पळून राहिली का?” आप्पा शांतपणे म्हणाले. “हा एकला पळून राहिला. आन् हैदराबादवाले काय तुझे दगड मोजनार हायत का?”

मग मात्र मी मनात हिशोब मांडला. मी या माणसाला तीन महिने अर्ध्याहून थोड्या जास्त मॅरेथॉनचा सराव दिला होता.

केरबानं माझ्याकडं बघितलं. “मास्तर, बरुबर कोण?”

खोटं बोलायचा मोह झाला, हे कबूल करतो. पण त्यानं शब्दाचा अर्थ मलाच विचारला होता, दुसऱ्या कुणाला नाही.

“आप्पा,” मी म्हणालो.

“मंग आजून किती दगड?”

“सोळा.”

त्यानं हार काढला आणि दगडाच्याच गळ्यात घातला. “सोळा दगड तर म्या रोज थैली घिऊन पळतो. आज थैली बी न्हाई.” आणि निघाला.

वाजंत्री बघत राहिले. आप्पा जीपकडं वळले, तर जीपच्या रेडिएटरमधून वाफ निघत होती. त्यात ओतायला पाणी मागावं कुणाकडं? पाच मैलांत, म्हणजे आप्पांच्या पाच मैलांत, एक आड ओला नव्हता. आप्पांनी जीपमधला पाण्याचा तांब्या उचलला, धोतर वर खोचलं आणि सरळ माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले.

“चल. मला डोळ्यांनी बघायचंय.”

आप्पांचं वजन क्विंटलभर तरी असेल. पुढं केरबा पळत होता, मागं मी पायडल मारत होतो आणि माझ्या पाठीमागून आप्पा मोठ्यानं मैल मोजत होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी जास्त कष्ट कुणाला पडले यावर मी आजही वाद घालीन. चाकूरकडं जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून डोकं काढून आम्हाला बघत होती.

तिसाव्या दगडापर्यंत ठीक चाललं. मग ऊन चढलं, डांबर मऊ पडलं. पस्तिसाव्या दगडापाशी केरबाच्या पोटरीत गोळा आला आणि तो लंगडायला लागला. आप्पा सायकलवरून उतरले, आपला तांब्या त्याच्यापुढं धरला, पंचा भिजवून त्याच्या डोक्यावर टाकला. नंतर ते कॅरिअरवर बसेनात. फेटा काखेत धरून पायीच चालायला लागले आणि मधूनच ओरडायला लागले, “पळ लेका! पळ!” मला कळेना, हा माणूस कुणाच्या बाजूनं आहे.

अडतिसाव्या दगडाला केरबा खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी घाबरलो. सायकल टाकून त्याच्यापाशी गेलो.

“पुरे, केरबा. कडबा मी कुठूनही आणीन. भीक मागीन.”

त्यानं मला बाजूला सारून आप्पांना विचारलं, “अडतीस दगडाचे किती मैल झाले?”

“साडेतेवीस.”

“मंग बसलो ते चुकलंच,” असं म्हणून तो हाताचा टेका देऊन उठला.

शेवटचे चार दगड तो कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. थोडं पळायचा, थोडं चालायचा, परत पळायचा. मी सायकल हातात धरून त्याच्या शेजारी चालत होतो आणि मनात त्याची माफी मागत होतो. बेचाळिसावा दगड थोडा पुढं असतानाच आप्पा ओरडले, “झाले! सव्वीस झाले! थांब!”

केरबा थांबला नाही. दगडापर्यंत गेला, त्याला हात लावला आणि मगच सावलीत आडवा झाला. आप्पा त्याच्या शेजारी मातीत बसले. दोघांनाही धाप लागली होती.

“सव्वीसशे पेंढ्या परवा तुझ्या वाडीत पोचतील,” आप्पा म्हणाले. “शब्द हाय माझा.”

केरबा कोपराचा टेका घेऊन उठून बसला. मग म्हणाला, “आप्पा, यक बोलू का? राग न्हाई ना येनार?”

“बोल.”

“पळताना म्या तुमचा मैल धरला. आता देताना तुमी आमचा धरा.”

आप्पांना कळायला एक क्षण लागला. मला दोन लागले. मग आप्पा असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनाच पाजावं लागलं.

“वीरण्णा,” ते डोळे पुसत म्हणाले, “ह्याला पोस्टात कशाला कुजवून राहिलास? माझ्या अडतीवर पाठव की.” आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, “बेचाळीसशे!”

तिसऱ्या दिवशी वाडीत दोन ट्रक आले. बेचाळीसशे पेंढ्या, वर ट्रकवाल्यानं सांगितलं की आप्पांनी स्वतः उभं राहून मोजून भरल्यात.

हैदराबादची तयारी मी त्यानंतर खऱ्या मैलांत केली. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी नांदेडहून निघायचं ठरलं. दोघांची चार दिवसांची रजा मंजूर झाली, तिकिटं काढली. शुक्रवारी सकाळी मी नवी पिशवी घेऊन त्याला आणायला वाडीवर गेलो. घरी कुलूप. शेतात गेलो, तर केरबा बैल जुंपून तिफण हाकत होता.

“अरे, गाडी दुपारची आहे!”

“परवाच्या पावसानं रातच्याला रान पेराया वापशाला आलंय, मास्तर. सगळ्या वाडीची तिफण चालू हाय. बैलं उभी ठिवून हैदराबादला जाऊ का?”

“आणि मॅरेथॉन?”

“ती पळून झाली की.”

मला भयंकर राग आला. पाच महिने पहाटे उठलो होतो मी. पण बोलायला तोंड उघडलं आणि समोर बैल दिसले. बरगड्या मोजता येत होत्या, पण मान खाली घालून, ताकद लावून ते तिफण ओढत होते. शेजारच्या रानात आणखी दोन जोड्या, बांधांपलीकडं आणखी आठ. मी बावीसच्या बावीस मोजले. राग कुठं गेला कळलं नाही. मी रडलो, उघड रडलो, आणि केरबानं ते न बघितल्यासारखं केलं.

“मास्तर,” तो बैलांना थांबवून म्हणाला, “चाड्यावर मूठ धरून बी सोडाया मानूस न्हाई, एकट्याला जमंना. येता का?”

मी चपला काढून बांधावर ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ज्वारीच्या बियाण्याची ओटी कमरेला बांधली. पेरणीची माझी पहिली तीन तासं दाट गेली. केरबा मागं वळून म्हणाला, जरा बारीक सोडा मास्तर, टपाल न्हाई टाकायचं. हैदराबादची सगळी रजा मी त्या रानात संपवली.