काकूंचा राहिलेला चहा

ब्रॅम्पटनमधल्या आमच्या गल्लीतल्या नागपूरच्या काकू तिकिटासाठी स्वतःच्याच पक्षाच्या खासदाराविरुद्ध उभ्या राहिल्या. तिकीट कुणाला ते पक्षाच्या सभासदांच्या मतांवर ठरणार होतं, म्हणून त्या आमच्यासारख्या सभासदांच्या दारोदार बर्फातून फिरायच्या, पण बूट काढून आत येत नसत. चहा विचारला की म्हणायच्या, "मत मागाले आली नं मी, चहा कसा पिऊ?" मग दारातूनच आईला तिच्या अडकलेल्या पेन्शनबद्दल खोदून खोदून विचारायच्या. इतक्या वर्षांत आईला असं विचारणारं आमच्या दारात कुणी आलं नव्हतं.

पक्षाच्या सभासदांनी मतं दिली, काकू हरल्या. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. आईनं दार उघडलं, तर काकू बूट काढत होत्या.

"आता टाका चहा, ताई," त्या म्हणाल्या. "अन् पेन्शनचे कागद आणा. खासदाराले मीच फोन करते."